मनाचं दुखणं आधी कुणाच्या दारी जातं?

सोलापुरात एखाद्याचं मन आजारी पडलं, तर पहिली तक्रार बहुतेक वेळा डोक्याची, छातीची नाहीतर पोटाची असते. पूर्व भागातली विडी कामगार बाई दवाखान्यात येते आणि सांगते, "डोकं लई दुखतंय, हातापायाला मुंग्या येतात, रात्रभर झोप नाही, अंगात ताकदच राहिली नाही बघा ओ." डॉक्टर बीपी बघतात, रक्त तपासायला सांगतात. हिमोग्लोबिन कमी निघतं, कारण अशा कष्टकरी बायकांचं ते बऱ्याचदा कमीच असतं. लोहाच्या गोळ्या मिळतात, कधी सलाईन लागतं. महिन्याने ती परत येते, तक्रार तीच. दिवसाला हजार विड्या वळायच्या, नवऱ्याची दारू, लग्नाला आलेली मुलगी, बचत गटाचा हप्ता, यातलं ती काही बोलत नाही. हे दवाखान्यात सांगायचं असतं असं तिला कुणी कधी सांगितलेलंच नाही. "मला उदास वाटतं" असं तर ती मुळीच म्हणणार नाही.

ती बाई नाटक करत नाही. नैराश्यात झोप, भूक, ताकद आणि वेदना सोसण्याची क्षमता सगळंच ढासळतं, कारण मनःस्थिती आणि वेदना या दोन्ही गोष्टी सांभाळणारे मेंदूतले मार्ग बरेचसे एकमेकांत गुंतलेले आहेत. दुखणं शरीरात खरोखर जाणवतं. जाणवणाऱ्या दहा गोष्टींपैकी कुठली बोलायची आणि कुठली गिळायची, हे मात्र घर, गल्ली, भाषा, धर्म आणि चार लोक काय म्हणतील याची भीती ठरवते.

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी चीनच्या हुनान प्रांतात, 'मज्जातंतूंची कमजोरी' असं निदान झालेले १०० रुग्ण तपासले. थकवा, डोकेदुखी, चक्कर अशा त्यांच्या तक्रारी होत्या. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यातल्या ८७ जणांना नैराश्य असल्याचं दिसलं. माओच्या काळातल्या सांस्कृतिक क्रांतीच्या होरपळीतून हे लोक नुकतेच बाहेर आले होते. "मी दुःखी आहे" असं म्हणणं त्या काळात राजकीयदृष्ट्या धोक्याचं होतं, तर "माझ्या नसा कमजोर झाल्यात" असं म्हणणं सुरक्षित. औषधांनी त्यांची लक्षणं कमी झाली, पण कामाची आणि घरची परिस्थिती तशीच राहिलेल्या अनेकांना बरं झाल्यासारखं वाटलं नाही. मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो, कारण गोळीची ताकद आणि गोळीची मर्यादा दोन्ही त्यात एकाच वेळी दिसतात.

आपल्याकडे बंगळुरूत डॉ. रघुराम आणि मिचेल वाइस यांनी १९९६ साली मांडलेलं निरीक्षण असं, की मनाच्या भाषेत त्रास सांगणाऱ्यांना समाजातली लाज जास्त वाटत होती आणि शरीराच्या भाषेत सांगणाऱ्यांना कमी. म्हणजे डोकेदुखी सांगण्यामागे एक शहाणपणही आहे. डोकं दुखतं म्हणणाऱ्या मुलीचं लग्न मोडत नाही. गोव्यात अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बायकांचा अभ्यास झाला, तेव्हा त्या तक्रारीचा जंतुसंसर्गापेक्षा मानसिक ताणाशी जवळचा संबंध दिसला. पुरुषांचं वेगळंच. गिरण्या बंद पडल्यावर किंवा यंत्रमागाचं काम सुटल्यावर गडी रडत बसत नाही, कारण त्याने रडायचं नसतं. तो चिडतो, मारतो, पितो. मग "दारूनं वाटोळं झालं" असं सगळे म्हणतात, आणि दारूच्या आधी मन बिघडलं होतं का, हे विचारायचं राहून जातं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. संस्कृती सगळे मानसिक आजार जन्माला घालते, असा याचा अर्थ होत नाही. स्किझोफ्रेनिया, म्हणजे ज्यात माणसाला न होणारे आवाज ऐकू येतात, भलते संशय पक्के बसतात आणि विचारांची संगती तुटते तो आजार, जगाच्या सर्व भागांत आढळतो. त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. पण त्या आजारात ऐकू येणारा आवाज काय बोलतो, हे मात्र गावोगाव बदलतं. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया, घानाची राजधानी आक्रा आणि चेन्नई इथल्या प्रत्येकी २० रुग्णांशी याबद्दल बोलणं केलं. अमेरिकेतल्या रुग्णांना आवाज म्हणजे आपल्यावर होणारा हल्ला वाटे, त्यात मारामारी, रक्तपात. आक्रामध्ये अनेकांना देव बोलतोय असं वाटे. चेन्नईत निम्म्याहून अधिक जणांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत, आणि ते आवाज कामं सांगत, रागावत. ज्या समाजात माणूस सतत आई, सासू, काका, मोठा भाऊ यांच्या सांगण्यात जगतो, तिथे आजारसुद्धा त्यांच्याच तोंडून बोलतो.

आता कारणांकडे येऊ, कारण दार ठरतं ते कारणावरून. मुलगा रात्रभर जागा राहतो, एकटाच पुटपुटतो, जेवणात विष घातलंय म्हणतो. घरात बैठक बसते. कुणी म्हणतं करणी केली, कुणी म्हणतं भानामती, कुणाला पितृदोष आठवतो, आजीला तिन्हीसांजेला ओढ्यावरून आलेलं वारं. मामा म्हणतो लग्न लावून द्या, सुधारेल. ज्याचं कारण पटतं त्याच्या दारी रुग्ण जातो: अंगारा, ताईत, उतारा, मग गाणगापूर, एखादा दर्गा, आणि सगळं संपल्यावर सिव्हिल. सोलापुरात तर भाषा चार आणि त्यामुळे वाटाही चार. तेलुगू घरातली आजी, कन्नड घरातला काका, दख्खनी बोलणारी खाला आणि मराठी शेजारीण वेगवेगळ्या नावाने एकाच भीतीबद्दल बोलत असतात, आणि संकटात एकमेकांच्या देवस्थानाचा पत्ताही देतात. दर्ग्यावर हिंदू कुटुंब दिसतं, सिद्धेश्वराच्या दारात मुसलमान आई दिसते.

या फिरण्यात किती महिने जातात हे घराघरावर अवलंबून आहे, पण जाणारा काळ फुकट जात नाही, तो नुकसान करतो. मनोविकृतीत, म्हणजे वास्तवाचं भान सुटतं अशा आजारांत, पहिली लक्षणं दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जितका उशीर, तितकं सुधारणं कठीण, हे जगभरच्या अभ्यासांतून दिसून आलं आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (महाराष्ट्र त्यात नव्हता) वेगवेगळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नसल्याचं आढळलं. याचं खापर एकट्या अंधश्रद्धेवर फोडता येणार नाही. जवळ डॉक्टर नाही, बस नाही, एका दिवसाची मजुरी बुडते, ही कारणंही तितकीच मोठी आहेत. देवऋषी गल्लीत असतो, घरी येतो, वेळ देतो, नाव घेऊन बोलतो. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात.

अंगात येण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शिकलेली माणसं इथे घाईने निकाल देतात. आरतीला, गोंधळात, देवीच्या नवरात्रात बाईच्या अंगात येतं. ठरलेल्या वेळी येतं, थोड्या वेळाने उतरतं, मग ती उठून स्वयंपाकाला लागते. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातही हा फरक केलेला आहे: समाजाने मान्य केलेल्या विधीत जे घडतं ते आजारात मोजायचं नाही. पण तेच जर कधीही, नको असताना, वारंवार येऊ लागलं, त्या बाईला स्वतःला त्याचा त्रास होऊ लागला, काम आणि घर सुटू लागलं, तर तपासणी हवी. अनेकदा अशा बाईला घरात जे बोलायची सोय नाही, ते अंगात आल्यावर बोलता येतं, आणि सगळे हात जोडून ऐकतात. तिचं ते बोलणं नीट ऐकलं तर त्रासाचं मूळ तिथेच सापडू शकतं. आणि आकडी, म्हणजे मिरगी, ही यातली गोष्टच नाही. तो मेंदूतल्या विद्युतप्रवाहाचा आजार आहे, गोळ्यांनी बहुतेकांमध्ये आटोक्यात येतो. त्याला कांदा हुंगवून किंवा चामडं नाकाला लावून काही होत नाही.

संस्कृतीची दोन्ही रूपं एकाच खोलीत बघायची असतील तर बाळंतिणीची खोली बघावी. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना विश्रांती, तेलाने अंग चोळणं, शेक-शेगडी, डिंकाचे-हळिवाचे लाडू, बाळंतिणीला एकटं न सोडणं, उशाशी विळा ठेवणं. उशाच्या विळ्यावर तुमचा विश्वास असो-नसो, त्या विळ्याच्या निमित्ताने कुणीतरी सतत जवळ असतं, आणि ही जवळीक ताज्या आईच्या मनासाठी खरंच मोलाची आहे. पण साधारण हजार बाळंतपणांत एक-दोन बायकांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तीव्र मनोविकृती होते. झोप उडते, ती भरमसाट बोलते किंवा एकदम गप्प होते, बाळ आपलं नाही म्हणते, बाळात काहीतरी वाईट शिरलंय म्हणते. कच्च्या अंगाच्या बाईला बाहेरचं लवकर लागतं, ही समजूत पक्की असल्याने निदानही लगेच तयार असतं, आणि त्याच काळात तिला खोलीत कोंडून धुरी दिली जाते. ही त्याच दिवशी दवाखान्यात नेण्याची वेळ आहे, कारण आईच्याही जिवाला धोका असतो आणि बाळाच्याही. वेळेवर औषध मिळालं तर या बायका बहुतेक वेळा पूर्ण बऱ्या होतात, बाळाला छातीशी घेतात. म्हणून सव्वा महिन्याची काळजी तशीच ठेवावी, तिच्याजवळची आई-मावशी तशीच राहू द्यावी, आणि सलग दोन रात्री झोप नाही, बोलण्यात ताळतंत्र नाही असं दिसलं की सुईण, आशाताई, डॉक्टर जो आधी भेटेल त्याला सांगावं.

श्रद्धास्थानांबद्दल माझं मत सरळ आहे. तिथे माणसाला आधार मिळतो हे नाकारण्यात अर्थ नाही. गाणगापूरला आरतीच्या वेळी ओरडणारी, खांबावर चढणारी माणसं आणि त्यांना धरून बसलेले नातेवाईक ज्यांनी पाहिलेत, त्यांना ठाऊक आहे की त्या गर्दीत या कुटुंबांना कुणी वेडं म्हणत नाही. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांची लाज उतरलेली असते. तामिळनाडूतल्या मुत्तुस्वामी मंदिरात राहिलेल्या ३१ रुग्णांचा अभ्यास २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तिथे कुणाला मारत नव्हते, बांधत नव्हते, खास मंत्रतंत्रही नव्हता. रुग्ण एका नातेवाइकासोबत राहायचा, देवळातली साधी कामं करायचा. काही आठवड्यांत आजाराची तीव्रता मोजणारे गुण जवळजवळ २० टक्क्यांनी उतरले. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यातून औषध नको असा निष्कर्ष काढता येत नाही. पण शांत जागा, ठरलेली दिनचर्या आणि जवळचं माणूस यांचं बळ त्यातून नक्की दिसतं.

दुसऱ्या बाजूला एरवाडी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या त्या गावी, दर्ग्याच्या आसऱ्याने चालवलेल्या एका खासगी निवाऱ्यात आग लागली. रुग्णांना साखळदंडाने बांधलेलं होतं. २८ माणसं पळू न शकल्याने जळून मेली. त्यानंतर बरंच हललं, आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, जो २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, त्यात मानसिक रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला स्पष्ट मनाई आहे. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात, भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा आहे. पूजा, नवस, वारी, प्रार्थना यांना तो कायदा हात लावत नाही. माझ्या मते घरच्यांनी रेघ इथेच ओढावी: जिथे मारहाण नाही, कोंडणं नाही, हजारोंची लूट नाही आणि औषध बंद करा असं कुणी सांगत नाही, तिथे जायला हरकत नाही. यातलं एक जरी असेल तर माणसाला घेऊन लगेच परतावं. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यावर २००८ पासून मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ एकत्र काम करतात, दुवाही आणि दवाही. मुजावर स्वतः रुग्णाला तिथल्याच दवाखान्याकडे पाठवतात. सोलापूर-कलबुर्गी पट्ट्यातल्या देवस्थानांच्या विश्वस्तांनी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

वैद्यकशास्त्रालाही स्वतःची संस्कृती असते, हे डॉक्टरांनी विसरू नये. १८५१ साली अमेरिकेत सॅम्युअल कार्टराइट नावाच्या डॉक्टरने, मालकाकडून पळून जाणाऱ्या गुलामांना एक मानसिक आजार असतो असं लिहून त्याला नावही दिलं. समलैंगिकता अमेरिकेच्या मनोविकारांच्या यादीतून १९७३ साली निघाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतून १९९० साली. आपल्या २०१७ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमात म्हणूनच लिहिलं आहे, की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी जुळत नाही एवढ्यावरून कुणाला मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही. परजातीत लग्न करणाऱ्या मुलीला "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणत डॉक्टरकडे आणणाऱ्या बापाला हे कलम वाचून दाखवावं.

कुटुंब हीच आपली मोठी शक्ती आहे असं म्हणतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून राहायला बोलावलं. रुग्ण लवकर बरे होऊन घरी जाऊ लागले. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकात नऊ देशांत सुरू केलेल्या अभ्यासात आग्रा आणि नायजेरियातल्या इबादान इथले स्किझोफ्रेनियाचे रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा पुढे जास्त सावरलेले दिसले. पुढे या निष्कर्षांवर बरीच टीका झाली. शिवाय कुटुंब सांभाळतं म्हणजे घरातली एक बाई सांभाळते, आणि तिला कुणी विचारत नाही.

तेच कुटुंब लग्नाच्या वेळी सगळ्यात मोठी चूक करतं. गोळ्या लपवून मुलीचं लग्न लावतात. सासरी कळू नये म्हणून ती गोळ्या बंद करते, तीन-चार महिन्यांत आजार उलटतो आणि मग फसवलं म्हणून माहेरी पाठवतात. लग्न हा उपचार नाही. उलट नवं घर, अपुरी झोप, गरोदरपण यांनी आजार डोकं वर काढू शकतो. गरोदरपणात काही गोळ्या, विशेषतः व्हॅल्प्रोएट, गर्भाला अपाय करतात, म्हणून लग्नाआधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घेणं हा खरा उपाय.

मग डॉक्टरांनी काय करावं? अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली १६ प्रश्नांची एक मुलाखत तयार केली, तिची चाचणी झालेल्या ठिकाणांत पुणंही होतं. प्रश्न साधेच आहेत. तुम्हाला काय होतंय असं तुम्हाला वाटतं? घरच्यांना काय वाटतं? हे कशामुळे झालं? आतापर्यंत कुठे कुठे दाखवलं, आणि कशाने बरं वाटलं? हे रुग्णाच्या भाषेत विचारायचे. तेलुगू बाईचं मन पोराने मराठीत सांगितलं तर अर्धं गळून पडतं, आणि पोरासमोर तर ती नवऱ्याबद्दल बोलणारच नाही. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावातल्याच माणसांना शिकवून 'विश्राम' प्रकल्प चालवला गेला. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आपल्या भाषेतलं, ओळखीचं माणूस असलं की लोक बोलतात.

औषध सुरू झाल्यावरही रीतिभाती सोबत येतातच. इंजेक्शन घेतलं की संध्याकाळी बरं वाटलं पाहिजे अशी आपली सवय, तर नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही सहा महिने तरी त्या घ्याव्या लागतात. चौथ्या दिवशी "काय फरक नाही" म्हणून पट्टी फेकून देऊ नये. बायपोलर आजारासाठी, म्हणजे ज्यात कधी अतिउत्साह तर कधी खोल उदासी येते त्यासाठी, लिथियम हे औषध घेणाऱ्यांनी एकादशीचा निर्जळी उपवास, रमजानचे रोजे किंवा पंढरपूरची पायी वारी यांआधी डॉक्टरांना जरूर विचारावं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, घाम आणि पाण्याची कमतरता यांनी रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला पोहोचू शकतं. हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं ही त्याची खूण. वेळा बदलून, पाणी वाढवून मार्ग काढता येतो, काही वेळा उपवास टाळावा लागतो.

सोलापुरात सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीबरोबर कन्नड आणि तेलुगूतही बोलता येतं. दवाखान्यात जाताना आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या न्याव्यात, आणि कुणा बाबाने पोटात द्यायला पुडी किंवा काढा दिला असेल तर तोही सोबत घ्यावा. डॉक्टर रागावतील म्हणून तो लपवू नये, कारण त्यात काय आहे ते कळल्याशिवाय नवी गोळी लिहिणं धोक्याचं असतं.